क्षारांच्या अदलाबदलीची अफवा

सोडिअम क्लोराइड आणि पोटॅशिअम नायट्रेट पाण्यात एकत्र विरघळवले तर काय होते? शाळेत रसायनशास्त्र शिकलेल्या कुणालाही विचारा, दोनपैकी एक उत्तर मिळते. पहिले असे: दोन्ही क्षार जोडीदार बदलतात आणि सोडिअम नायट्रेट व पोटॅशिअम क्लोराइड तयार होते. दुसरे जरा हुशार विद्यार्थ्याचे: हे चारही क्षार पाण्यात विरघळणारे, अवक्षेप पडायचा नाही, तेव्हा अभिक्रियाच होत नाही. पहिले उत्तर चुकीचे आहे हे थोडे पुढे शिकले की कळते. दुसरे बरोबर वाटते, म्हणून ते आयुष्यभर टिकते. दोन्ही उत्तरांच्या मुळाशी समजूत मात्र एकच आहे: क्षार पाण्यात जोडीजोडीने नांदतात. मला खंडन करायचे आहे ते या समजुतीचे.

आधी पूर्वपक्ष नीट मांडू. दहावीच्या पुस्तकात 'दुहेरी विस्थापन' नावाचा अभिक्रियेचा प्रकार असतो. उदाहरण ठरलेले. सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात मिठाचे द्रावण ओतले की पांढरा साका पडतो. समीकरणात डावीकडे दोन जोड्या, उजवीकडे दोन जोड्या. पुस्तक आयनांच्या अदलाबदलीबरोबर अवक्षेपाचाही उल्लेख करते, त्यामुळे त्याला फार दोष देता येणार नाही. घोटाळा फळ्यापाशी होतो. तिथे लग्नाची उपमा येते: दोन जोडपी समोरासमोर आली आणि जोडीदार बदलून निघून गेली. मुले हसतात, उपमा डोक्यात बसते आणि पुढे काही केल्या निघत नाही. चांदीच्या उदाहरणात ती खपूनही जाते, कारण सिल्व्हर क्लोराइड खरोखर एकत्र येऊन तळाशी बसते. लिटरभर पाण्यात ते दोन मिलिग्रॅमसुद्धा विरघळत नाही. पण दुसऱ्या जोडप्याचे काय? सोडिअम आणि नायट्रेट मिसळण्याआधी जसे सुटे होते तसेच नंतरही सुटे आहेत. समीकरणाच्या उजवीकडे लिहिलेले सोडिअम नायट्रेट त्या चंचुपात्रात शोधून सापडायचे नाही.

यावर प्रतिपक्षी विचारील, पाण्यात जोड्या नसतात याला प्रमाण काय? प्रमाणे पुष्कळ आहेत, आणि त्यांतली काही आयन हा शब्द रसायनशास्त्रात रुळण्यापूर्वीची आहेत. सेंट पीटर्सबर्गच्या जर्मेन हेसने 1840 च्या सुमारास उष्णता मोजण्याचे प्रयोग केले. दोन उदासीन क्षारांची द्रावणे मिसळली आणि साका पडला नाही, तर तापमान जवळजवळ बदलतच नाही, असे त्याला आढळले. खरोखर जुने बंध तुटून नवे जुळत असते तर उष्णता बाहेर तरी पडली असती किंवा आत तरी ओढली गेली असती. सगळ्याच जोड्यांच्या बाबतीत हिशोब नेमका शून्यावर यावा हा योगायोग फार झाला. हेसला याचे कारण देता आले नाही. ते दिले स्वान्ते आऱ्हेनिअसने, चाळीसेक वर्षांनी. क्षार पाण्यात शिरताच आयन सुटे होतात. मिसळण्यापूर्वी सुटे, मिसळल्यावरही सुटे. मग उष्णता कसली? 1884 चा त्याचा प्रबंध परीक्षकांनी नाइलाजाने खालच्या श्रेणीत उत्तीर्ण केला. 1903 मध्ये त्याच विचारासाठी त्याला नोबेल मिळाले.

दुसरे प्रमाण डोळ्यांना दिसणारे. पोटॅशिअम परमँगनेटचा जांभळा रंग सगळ्यांच्या ओळखीचा. पोटॅशिअमच्या जागी दुसऱ्या धातूचे परमँगनेट घेतले तरी विरळ द्रावणाचा रंग तोच. ऑस्टवाल्डने 1892 मध्ये अशा वेगवेगळ्या परमँगनेटांचे शोषण-वर्णपट शेजारी शेजारी ठेवून पाहिले, आणि ते एकसारखे निघाले. परमँगनेट पोटॅशिअमला बिलगून राहत असते, तर जोडीदार बदलताच रंगात कुठेतरी फरक पडायला हवा होता.

तिसरे प्रमाण औषधाच्या दुकानात मिळते. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे एक लिटर जलसंजीवनीसाठी 2.6 ग्रॅम सोडिअम क्लोराइड, 1.5 ग्रॅम पोटॅशिअम क्लोराइड, 2.9 ग्रॅम ट्रायसोडिअम सायट्रेट आणि 13.5 ग्रॅम ग्लुकोज लागते. हीच जलसंजीवनी आयनांच्या भाषेतही सांगतात: दर लिटरला सोडिअम 75, पोटॅशिअम 20, क्लोराइड 65 आणि सायट्रेट 10 मिलिमोल. आता पोटॅशिअम क्लोराइड अजिबात न वापरता पोटॅशिअम सायट्रेट घ्या, मिठाचे प्रमाण वाढवून पावणेचार ग्रॅमच्या आसपास न्या आणि सोडिअम सायट्रेट त्या मानाने कमी करा. चारही आकडे पुन्हा तेच येतात. पुड्या दोन, द्रावण एकच. रोग्याच्या आतड्याला तर नाहीच, पण उत्तमातल्या उत्तम प्रयोगशाळेलाही त्या पाण्यावरून मूळ पुडीत पोटॅशिअम कोणत्या रूपात होते ते सांगता येणार नाही. दुसऱ्या पुडीत 'अदलाबदल झाली' आणि पहिलीत झाली नाही, असे म्हणायचे असेल तर दोन द्रावणांत काहीतरी फरक दाखवावा लागेल. तो दाखवता येत नाही.

जोडीची कल्पना इतकी चिवट की ती द्रावणातून हाकलली तर घन रूपात जाऊन बसते. 1913 मध्ये ब्रॅग पिता-पुत्रांनी क्ष-किरणांनी मिठाच्या स्फटिकाची रचना उलगडली. तिथेही एक सोडिअम आणि एक क्लोरीन अशी जोडी नव्हतीच. प्रत्येक सोडिअमभोवती सहा क्लोराइड आणि प्रत्येक क्लोराइडभोवती सहा सोडिअम, अमका तमक्याचा असे काही नाही. हेन्री आर्मस्ट्राँग या बुजुर्ग इंग्रज रसायनशास्त्रज्ञाला हे इतके झोंबले की 1927 मध्ये, म्हणजे चौदा वर्षांनी, त्यांनी 'नेचर'मध्ये पत्र लिहून मिठाच्या वतीने तक्रार केली. पत्र मोठे मजेदार आहे. ब्रॅगच्या आकड्यांना त्यात उत्तर मात्र नाही.

ही समजूत आली कुठून? तिची वंशावळ शाळेपेक्षा बरीच जुनी आहे, आणि तिच्यात लहानसहान माणसे नाहीत. 1718 मध्ये पॅरिसच्या जोफ्रुआने कोणत्या पदार्थाची कोणाकडे किती ओढ, याचा तक्ता केला. उप्सालाच्या टॉरबर्न बर्गमनने 1775 मध्ये त्याचे मोठे शास्त्र बनवले. त्याच्या मते प्रत्येक आम्लाला प्रत्येक आम्लारीबद्दल ठरावीक ओढ असते. ज्याची ओढ जास्त तो दुबळ्याला हुसकावतो. दोन क्षार समोरासमोर आले तर दोन्ही बाजूंच्या ओढींची बेरीज करायची, जड बाजू जिंकणार. म्हणजे निकाल पदार्थांच्या स्वभावात आधीच लिहिलेला. किती माल घेतला, किती गरम केला, पाणी किती घातले, हे तपशील गौण. गटेने 1809 मध्ये आपल्या कादंबरीचे नाव या सिद्धान्तावरूनच ठेवले आणि चार माणसांच्या संसारांना तो लावून पाहिला. फळ्यावरच्या जोडप्यांच्या उपमेला असे थोर पूर्वज आहेत.

या बांधकामाला पहिली मोठी भेग पडली ती इजिप्तमध्ये. 1798 मध्ये नेपोलियनबरोबर गेलेल्या विद्वानांत क्लोद लुई बर्तोले होता. पुढच्या वर्षाच्या आरंभी तो कैरोच्या वायव्येला वाळवंटातल्या नत्रून तळ्यांवर गेला. प्राचीन इजिप्शियन लोक ममी वाळवायला जे नत्रून वापरत ते इथलेच: मुख्यतः सोडिअमचे कार्बोनेट आणि बायकार्बोनेट. बर्तोलेला तळ्यात खारे पाणी दिसले, भोवती चुनखडक दिसला आणि काठावर सोड्याचे थर दिसले. त्याने निष्कर्ष काढला की मीठ आणि चुनखडक यांच्यापासून सोडा आणि कॅल्शिअम क्लोराइड होत असले पाहिजे. बर्गमनच्या तक्त्याप्रमाणे हे अशक्य. सोड्याच्या द्रावणात कॅल्शिअम क्लोराइड ओतून पाहा, क्षणात खडूसारखा पांढरा साका पडतो. प्रयोगशाळेत अभिक्रिया एका दिशेने जाते, वाळवंटात नेमकी उलट.

बर्तोलेने काढलेला अर्थ असा की ओढ हा निकालातला एकच घटक आहे. पदार्थाचे प्रमाण हा दुसरा. मिठाचा साठा अफाट असेल तर दुबळी ओढही पुरून उरते. तिसरा घटक सर्वांत महत्त्वाचा: तयार झालेला माल तिथेच राहतो की निघून जातो. नत्रूनच्या काठी सोडा फुलून कोरड्या रूपात वर येतो आणि खेळातून बाहेर पडतो. कॅल्शिअम क्लोराइड हवेतली ओल शोषून पाणी पाणी होते आणि जमिनीत झिरपते. दोघांची पुन्हा गाठ पडायची नसेल तर उलटी अभिक्रिया व्हायची कशी? कैरोतच वाचलेला हा विचार त्याने पुढे 1803 च्या ग्रंथात विस्ताराने मांडला. दुर्दैव असे की त्याच सुमारास संयुगांची घडण ठरावीक प्रमाणात असते की बदलती, यावर त्याचा प्रूस्त या रसायनशास्त्रज्ञाशी वाद जुंपला. त्यात बर्तोले चुकीच्या बाजूला होता आणि हरला. हरलेल्या माणसाचे बरोबर म्हणणेही मग साठ वर्षे बाजूला पडले. 1864 मध्ये नॉर्वेच्या गुल्डबर्ग आणि वागे यांनी ते नियमाच्या रूपात परत आणले.

इथे मी बर्तोलेचीही थोडी तपासणी केली पाहिजे. नत्रूनच्या सोड्याचे श्रेय आज बरेचसे सल्फेट फोडणाऱ्या जिवाणूंना दिले जाते, चुनखडकाला नव्हे. आणि सोडा जमायला चुनखडक लागतोच असे नाही, याचा दाखला आपल्याकडेच आहे. बुलढाण्यातले लोणार सरोवर बेसाल्टच्या खळग्यात आहे. पाणी चांगलेच अल्कधर्मी, सामू दहाच्या आसपास. साबण आणि काच करायला लागणारा माल इथे मिळतो, ही नोंद 'आइने अकबरी'तही आहे. लोणारला चुनखडकाचे डोंगर नाहीत. तिथे सोडा कसा जमतो?

पावसाच्या पाण्यात हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड विरघळतो. ते पाणी बेसाल्टातली खनिजे हळूहळू झिजवते आणि सोडिअम, कॅल्शिअम, मॅग्नेशिअम व बायकार्बोनेट असे आयन घेऊन सरोवरात उतरते. सरोवराला बाहेर वाट नाही. पाणी आटत जाते तसे आधी कॅल्शिअम कार्बोनेट खाली बसते, कारण तेच सगळ्यांत कमी विरघळते. बसताना ते कॅल्शिअम आणि कार्बोनेट सारख्या मापाने घेऊन जाते. आता प्रश्न एवढाच की दोघांपैकी आधी संपते कोण. कार्बोनेट आधी संपले तर मागे कॅल्शिअमयुक्त खारे पाणी उरते. कॅल्शिअम आधी संपले तर उरलेल्या कार्बोनेटला सोबत म्हणून मुख्यतः सोडिअमच राहतो, आणि सोड्याचे सरोवर होते. हार्डी आणि युग्स्टर यांनी 1970 मध्ये हा फाटा हिशोबासह दाखवला. सुरुवातीच्या पाण्यातला फरक अगदी थोडा असतो, पण आटत आटत तो दोन टोकांना जातो. या सगळ्यात सोडिअम आणि कार्बोनेट यांना एकमेकांची ओढ कुठेच लागली नाही. बाकीचे निघून गेले, हे दोघे राहिले. जुन्या नोंदींत लोणारच्या क्षारांना दल्ला, पापडी, भुस्की अशी निरनिराळी नावे आहेत. सरोवर तेच, पाणी तेच; कधी आणि किती सुकले यावर कार्बोनेट, बायकार्बोनेट आणि मीठ यांचे मिश्रण बदलते आणि हाती येणाऱ्या खड्याचे नाव बदलते.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येतो, कारण तो मुद्दाम निवडला आहे. सोडिअम, पोटॅशिअम, क्लोराइड, नायट्रेट. हुशार विद्यार्थी म्हणाला, अभिक्रिया होत नाही. हे उत्तर खरे असते तर एकोणिसाव्या शतकातले कित्येक कारखाने निघालेच नसते. बंदुकीच्या दारूला पोटॅशिअमचा सोरा, म्हणजे पोटॅशिअम नायट्रेट, लागतो; सोडिअमचा सोरा हवेतली ओल धरतो आणि दारू भिजते. पोटॅशिअमचा सोरा बराच काळ बिहारमधून जाई. नुनिया लोक जुन्या भिंतींची आणि गुरे बांधायच्या जागांची माती धुऊन तो काढत, आणि ईस्ट इंडिया कंपनी तो जहाजे भरून नेई. पुढे चिलीच्या वाळवंटातून सोडिअम नायट्रेट स्वस्त मिळू लागले आणि 1861 पासून जर्मनीत श्टासफुर्टच्या खाणींतून पोटॅशिअम क्लोराइड निघू लागले. दोन्ही पाण्यात पूर्ण विरघळणारे. दोघांना एकत्र उकळून पोटॅशिअमचा सोरा करण्याचा धंदा युरोपात भरभराटीला आला.

तो चालतो कसा, हे आकड्यांवरून दिसते. शंभर ग्रॅम पाण्यात मीठ 0 अंशाला सुमारे 36 ग्रॅम विरघळते आणि 100 अंशाला 39, म्हणजे उष्णतेचा त्याच्यावर काही परिणामच नाही म्हणा ना. पोटॅशिअम नायट्रेट 0 अंशाला 13 ग्रॅम, 20 अंशाला 32 आणि 100 अंशाला तब्बल 246 ग्रॅम विरघळते. उरलेले दोन क्षार या टोकांच्या मध्ये कुठेतरी. आता शंभर ग्रॅम उकळत्या पाण्यात 85 ग्रॅम सोडिअम नायट्रेट आणि 75 ग्रॅम पोटॅशिअम क्लोराइड टाका. पाण्यात चारही आयन आले. उकळत्या पाण्यात सर्वांत कमी विरघळणारी जोडी सोडिअम आणि क्लोराइडची, आणि त्यांचे मिळून 58 ग्रॅम मीठ होऊ शकते. पाणी पेलणार 39. वीसेक ग्रॅम मीठ गरम द्रावणातच खाली बसते. ते गाळून काढा आणि द्रावण थंड करा. थंड पाण्यात सर्वांत कमी विरघळणारा पोटॅशिअम नायट्रेट. एकशे एक ग्रॅमपैकी सत्तरच्या आसपास सुयांसारख्या स्फटिकांत बाहेर येतो. हा कागदावरचा हिशोब झाला. आयन एकमेकांच्या सान्निध्यात थोडे वेगळे वागतात, त्यामुळे कढईतले आकडे थोडे सरकतात. तत्त्व तेच राहते.

गंमत अशी की सुरुवात सोडिअम क्लोराइड आणि पोटॅशिअम नायट्रेट यांच्यापासून करा, तेवढ्याच मोलांची. गरम असताना तेच मीठ खाली येईल, थंड झाल्यावर तोच सोरा. त्यामुळे 'कोणापासून कोण झाले' हा बाण द्रावणाच्या बाबतीत निरर्थक आहे. तापमान आणि पाण्याचे माप सांगितल्यावर कोण बाहेर पडेल ते सांगता येते, त्याआधी नाही. 'अभिक्रिया होत नाही' हे हुशार विद्यार्थ्याचे उत्तर विरळ आणि कोमट द्रावणापुरते खरे. त्याने ती अट सांगितली नाही, आणि त्याला ती कुणी विचारलीही नाही.

हा विद्यार्थी इथे गप्प बसणार नाही. तो विद्राव्यतेचा तक्ता पुढे करील. नायट्रेट सगळी विरघळतात, सोडिअम-पोटॅशिअम-अमोनिअमचे क्षार सगळे विरघळतात, सल्फेटांत बेरिअम-शिसे वगळता बहुतेक विरघळतात, वगैरे. हा तक्ता उपयोगी आहे, पण 'विरघळणारा' आणि 'न विरघळणारा' अशा दोन कप्प्यांत जग मावत नाही. ठिबक सिंचनातून खते सोडणाऱ्या शेतकऱ्याला हे पुस्तकापेक्षा चांगले माहीत असते. अमोनिअम सल्फेट शंभर ग्रॅम पाण्यात 20 अंशाला सुमारे 75 ग्रॅम विरघळते, पांढरे पोटॅश, म्हणजे पोटॅशिअम क्लोराइड, 34 ग्रॅम. दोन्ही एका टाकीत दाट कालवले तर तळाशी पांढरे काही जमते. ते पोटॅशिअम सल्फेट. तक्त्यात ते 'विरघळणारे' आहे, पण फक्त 11 ग्रॅम. आणि कॅल्शिअम नायट्रेटच्या टाकीत सल्फेट किंवा 12:61:0 सारखे फॉस्फेटचे खत गेले तर ड्रिपर बुजून शेतकऱ्याची कंबर मोडते. म्हणून पॉलिहाऊसवाले 'ए' टाकी आणि 'बी' टाकी वेगळ्या ठेवतात: कॅल्शिअम एकीत, सल्फेट-फॉस्फेट दुसरीत. शेवटी मात्र ही दोन्ही पाणी एकाच नळीतून एकाच झाडाच्या मुळाशी जातात आणि तिथे जिप्समचा साका पडत नाही! कारण तोवर ती शंभरपट किंवा त्याहूनही विरळ झालेली असतात. जिप्सम लिटरला अडीच ग्रॅमच्या आसपास विरघळते. त्या मर्यादेच्या आत असेपर्यंत कॅल्शिअम आणि सल्फेट एका पाण्यात सुखाने राहतात. 'कॅल्शिअम आणि सल्फेटची अभिक्रिया होते का' या प्रश्नाला टाकीत एक उत्तर आणि नळीत दुसरे, ते यामुळे.

चोपण जमिनीतही हाच न्याय. कालव्याच्या पाण्याने बिघडलेल्या जमिनीत सोडिअमचे कार्बोनेट जमते, माती चिकट आणि बंद होते. त्यावर जिप्सम घालतात. कॅल्शिअम कार्बोनेट होऊन बसते आणि सोडिअम सल्फेट पाण्यात उरते. पण निचरा नसेल तर हे सोडिअम जाणार कुठे? ते तिथेच राहते, उन्हाळ्यात पुन्हा वर येते, आणि जिप्समचे पैसे वाया जातात.

समुद्राच्या पाण्यात मीठ असते हे विधानही आता जरा जपून करावे लागेल. एक किलो समुद्रपाण्यात सुमारे 19.4 ग्रॅम क्लोराइड, 10.8 ग्रॅम सोडिअम, 2.7 ग्रॅम सल्फेट, 1.3 ग्रॅम मॅग्नेशिअम, कॅल्शिअम आणि पोटॅशिअम प्रत्येकी 0.4 ग्रॅम. मीठ आगरात होते, समुद्रात नाही. उरण-पेणच्या किंवा शिरोड्याच्या मिठागरात पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात फिरवत आटवतात. घनता मोजणाऱ्या बॉमेच्या मापकावर समुद्राचे पाणी साडेतीन अंश भरते. तेराच्या पुढे जिप्सम बसू लागते, पंचविसाच्या सुमारास मीठ. तिशीजवळ आले की आगरी उरलेले कडवट पाणी सोडून देतो, कारण पुढे येणाऱ्या मॅग्नेशिअमच्या क्षारांनी मीठ कडू होते आणि पावसाळ्यात पाझरते. मॅग्नेशिअम कोणाबरोबर बसणार, क्लोराइडबरोबर की सल्फेटबरोबर, हेही पाण्यात आधी ठरलेले नसते. कॅस्पिअनच्या काठच्या कारा-बोगाझ-गोल आखातात हिवाळ्यात पाणी थंड झाले की सोडिअम सल्फेटचे स्फटिक किनाऱ्यावर येऊन पडतात. तेच पाणी उन्हाळ्यात आटले की मीठ देते. एडिंबरोच्या जॉन मरे नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने 1810 च्या दशकातच सांगितले होते की पाणी आटवून मिळणारे क्षार हे आटवण्याच्या पद्धतीवर अवलंबून असतात, तेव्हा पाण्याच्या विश्लेषणात आम्ले आणि आम्लारी वेगवेगळी नोंदवावीत. पुढेही कितीतरी वर्षे प्रयोगशाळा 'मॅग्नेशिअम सल्फेट इतके, सोडिअम क्लोराइड इतके' अशा काल्पनिक जोड्या छापत राहिल्या. श्टासफुर्टच्या थरांत कोणता क्षार कोणत्या तापमानाला कोणाआधी बसला असेल, हे उलगडायला व्हान्ट हॉफसारख्या माणसाने 1896 पासून पुढची दहाएक वर्षे खर्च केली. जोडीदारांच्या अदलाबदलीने हे सुटत असते तर एक दुपार पुरली असती.

आणि बर्तोलेची ती अशक्य अभिक्रिया? मीठ अधिक चुनखडक, त्यातून सोडा अधिक कॅल्शिअम क्लोराइड. अर्नेस्ट सॉल्वेने 1861 मध्ये घेतलेल्या पेटंटची गोळाबेरीज हीच आहे, आणि 1939 मध्ये स्थापन झालेल्या टाटा केमिकल्सचा मिठापूरचा सोडा त्याच मार्गाने येतो. थेट मिसळून हे होत नाही. मध्ये अमोनिया घालून वाट वळवतात. दाट मिठवणीत अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइड सोडले की सोडिअम, अमोनिअम, क्लोराइड आणि बायकार्बोनेट हे चार आयन एकत्र येतात. त्यांत सर्वांत कमी विरघळते ते सोडिअम बायकार्बोनेट, 20 अंशाला शंभर ग्रॅम पाण्यात जेमतेम दहा ग्रॅम. ते बसते, गाळले जाते, भाजून सोडा होतो. चुनखडक भट्टीत भाजून कार्बन डायऑक्साइड मिळतो, मागे राहिलेल्या चुन्याने अमोनिया परत मिळवतात. शेवटी कॅल्शिअम क्लोराइड उरते, ज्याला फारसे गिऱ्हाईक नाही. चंचुपात्रात उलट जाणारी अभिक्रिया कारखान्यात सुलट गेली, कारण प्रत्येक टप्प्यावर काहीतरी गाळून किंवा वायूरूपाने बाहेर काढले.

शेवटचा आक्षेप प्रामाणिक आहे आणि तो माझ्याच बाजूच्या लोकांकडून येतो. आयन पूर्ण सुटे असतात असे मी म्हणत आलो. ते खरे आहे का? अगदी नाही. 1923 मध्ये डिबाय आणि ह्यूकेल यांनी दाखवले की प्रत्येक आयनाभोवती विरुद्ध प्रभाराची गर्दी थोडी जास्त असते. 1926 मध्ये ब्येरुमने पुढे जाऊन आयनांच्या तात्पुरत्या जोड्या मांडल्या. गॅरल्स आणि थॉम्प्सन यांनी 1962 मध्ये समुद्रपाण्याचा हिशोब केला. त्यात सोडिअम आणि पोटॅशिअम जवळजवळ पूर्ण मोकळे निघाले, पण मॅग्नेशिअमचा दहावा भाग सल्फेटशी जोडलेला आणि सल्फेटपैकी जेमतेम निम्मे मोकळे. ही जोडी ऐकूही येते म्हणा. समुद्रात पाणबुडी शोधायला सोडलेल्या उच्च वारंवारतेच्या ध्वनिलहरी गोड्या पाण्यापेक्षा कितीतरी जास्त विरतात, हे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लक्षात आले. त्याचे कारण मॅग्नेशिअम सल्फेटच्या या जोड्या निघाल्या: ध्वनीच्या दाबाने त्या सुटतात, पुन्हा जुळतात आणि या उठाठेवीत ध्वनीची ऊर्जा खर्च होते. मॅनफ्रेड आयगेनने हा वेग मोजला, आणि अतिवेगवान अभिक्रियांच्या अभ्यासासाठी 1967 चे नोबेल त्याला मिळाले.

म्हणजे द्रावणात जोड्या असतात तर! हो, असतात, आणि त्यांच्यामुळे माझ्या म्हणण्यात एवढी दुरुस्ती मी आनंदाने करतो: दोन-दोन प्रभारांचे आयन दाट द्रावणात काही प्रमाणात जोडीने सापडतात. पण यातून फळ्यावरची जोडपी परत येत नाहीत. ही जोडी सेकंदाच्या दहा हजाराव्या भागापेक्षाही कमी काळ टिकते. समुद्रातले मॅग्नेशिअम एखाद्या नदीबरोबर आले आणि सल्फेट ज्वालामुखीतून आले, किंवा प्रयोगशाळेत एक मॅग्नेशिअम क्लोराइडच्या बाटलीतून आले आणि दुसरे सोडिअम सल्फेटच्या, तरी जोड्यांचे प्रमाण तेच. एप्सम सॉल्टच्या, म्हणजे मॅग्नेशिअम सल्फेटच्या, बाटलीतून दोघे एकत्र आले म्हणून ते प्रमाण काडीइतकेही वाढत नाही.

तेव्हा प्रश्नपत्रिकेत सोडिअम क्लोराइड आणि पोटॅशिअम नायट्रेट विचारायचेच असेल, तर पाणी किती आणि तापमान किती हेही छापावे, आणि सिल्व्हर नायट्रेटच्या समीकरणात सोडिअम व नायट्रेट लिहिण्याचा आग्रह सोडावा. चांदीचा आयन अधिक क्लोराइडचा आयन, बाणापुढे सिल्व्हर क्लोराइडचा साका. एवढे लिहिणाऱ्या मुलाला पूर्ण गुण द्यायला हरकत नसावी.